खोक्यावर दीडशे, टायरमध्ये तेहतीस

टायरमध्ये हवा भरायचं घरगुती यंत्र घ्यायला गेलं की खोक्यावरचा सगळ्यांत ठळक आकडा असतो १५० पीएसआयचा. घरच्या मोटारीला लागतात तीस ते छत्तीस, स्कूटरच्या पुढच्या चाकाला बावीसच्या आसपास आणि पोरांच्या फुटबॉलला तर दहा-बाराच. दीडशेचं काम घरात कुणाकडेच नसतं. तरी गिऱ्हाईक १२० वालं बाजूला सारून १५० वालं उचलतं, कारण आकडा मोठा म्हणजे माल दणकट असा सरळ हिशेब असतो. प्रत्यक्षात हवा काय, पायानं मारायचा पंपही भरतो. कुठे थांबायचं ते सांगणारं गेज चुकलं, तर मात्र यंत्र कितीही दणकट असून उपयोग नाही. म्हणून खरेदी करताना आधी गेज बघावं, मग मोटर.

त्याआधी स्वतःच्या गाडीचा आकडा माहीत हवा. पेट्रोल पंपावरचा पोऱ्या ‘किती मारू?’ म्हणून विचारतो तेव्हा बरेच जण सवयीनं ‘तीस-तीस’ म्हणून मोकळे होतात. खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे चिकटवलेल्या पट्टीवर असतो. दोनच माणसं असतील तर किती, गाडी माणसांनी आणि सामानानं भरली असेल तर किती, पुढे किती आणि मागे किती, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. टायरच्या अंगावर कोरलेला ४४ किंवा ५१ हा आकडा त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. तो बघून हवा भरली तर गाडी टणाटण उडते, ब्रेक मारल्यावर पकड कमी मिळते आणि टायर मधोमध झिजतो.

पट्टीवर कधी पीएसआय असतं, कधी बार, कधी किलोपास्कल. पीएसआय म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंडांचा दाब ते. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय किंवा १०० किलोपास्कल. त्यामुळे पट्टीवर २३० किलोपास्कल असेल तर ते २.३ बार, म्हणजेच ३३ पीएसआय. जुन्या काट्याच्या गेजवर किलो प्रति चौरस सेंटिमीटर असंही माप सापडतं; तिथला एक म्हणजे १४.२ पीएसआय. घ्यायच्या यंत्रावर निदान पीएसआय आणि बार ही दोन्ही मापं असावीत.

दोन-चार पीएसआयनं काय मोठं बिघडतं, या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेतल्या एका गाजलेल्या प्रकरणात आहे. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीनं सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले. त्यांतले बरेचसे फोर्डच्या एक्सप्लोरर या उंच गाडीला बसवलेले होते. भर वेगात टायरचा वरचा पट्टा सुटायचा आणि गाडी उलटायची. अशा अपघातांत २७१ माणसं दगावल्याची नोंद तिथल्या रस्तेसुरक्षा यंत्रणेनं केली. फोर्डनं या गाडीसाठी २६ पीएसआय सुचवले होते, फायरस्टोनचं म्हणणं ३० हवेत असं पडलं. फोर्डनं टायरच्या बांधणीवर बोट ठेवलं, तर फायरस्टोननं कमी हवेवर आणि गाडीच्या रचनेवर. भांडण अवघ्या चार पीएसआयपर्यंत येऊन ठेपलं होतं.

हवा कमी असली की टायरच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतात आणि पुन्हा ताठ होतात. या सततच्या वाकण्यानं रबर तापतं. गावातल्या खड्ड्यांतून तीस-चाळीसच्या वेगानं जाताना ही उष्णता निघून जायला वाव मिळतो. तासाला १२० किलोमीटरची मुभा असलेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर तसा वाव मिळत नाही, कारण तिथे ना सिग्नल, ना गाव, ना वेग कमी करायचं काही निमित्त. झिजलेल्या टायरच्या गाड्या प्रवेशाच्या ठिकाणीच अडवायला परिवहन खात्यानं २०२३ मध्ये सुरुवात केली, त्यामागचं कारण हेच.

फायरस्टोन प्रकरणानंतर अमेरिकेत कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून तिथल्या नव्या मोटारींत टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा सक्तीची झाली. आता ती आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांतही असते. ती असली म्हणजे वेगळं गेज कशाला, असं कुणालाही वाटेल. पण त्या अमेरिकी नियमानुसार हवा ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्क्यांनी खाली गेली की दिवा लागला पाहिजे. तेहतीसच्या टायरला हा हिशेब लावला तर दिवा पंचविसाच्या खाली पेटतो. सव्वीस-सत्तावीसवर गाडी महिनाभर फिरली तरी तो पेटेलच असं नाही.

आता गेजकडे वळू. बाजारात ती तीन तऱ्हेची मिळतात. पेनासारखं गेज व्हॉल्व्हवर दाबलं की त्यातली आकडे कोरलेली पट्टी बाहेर येते. आत फक्त स्प्रिंग आणि दट्ट्या असतो. स्वस्त, खिशात मावणारं, पण धूळ गेली की पट्टी अडकते. दुसरं गोल तबकडीचं. त्याच्या आत पितळेची चपटी, वाकवलेली नळी असते. दाब वाढला की जत्रेतली गुंडाळीची पिपाणी फुंकल्यावर उलगडते तशी ती नळी किंचित सरळ होते आणि दातेरी चाकांमार्फत काटा फिरवते. पॅरिसच्या यूजीन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये या नळीचं पेटंट घेतलं. वाफेच्या इंजिनापासून गॅसच्या सिलिंडरपर्यंत सगळीकडे आजही तीच नळी आहे. तिला ना सेल लागतो, ना चार्जिंग. पण हातातून फरशीवर पडली की नळीचा बाक बिघडतो आणि काटा कायमचा दोन-तीन घरं पुढेमागे राहतो. म्हणून घेताना काटा शून्यावर टेकलाय ना ते बघावं आणि भोवती रबरी कवच असलेलं गेज घ्यावं.

तिसरं डिजिटल. त्यात दाबानं वाकणारा चिमुकला पडदा असतो आणि त्या वाकण्याचं रूपांतर विजेच्या संकेतात होतं. अंधाऱ्या तळघरात वाचायला ते सगळ्यांत सोपं. मात्र पडद्यावर ३२.५ दिसलं म्हणजे मोजमाप दशांशापर्यंत अचूक झालं असं समजू नये. दशांश दाखवणं सोपं असतं, तो बरोबर असणं ही वेगळी गोष्ट.

तबकडी निवडताना खोक्यावरचा तो दीडशे आड येतो. काट्याच्या गेजची अचूकता सहसा पूर्ण पट्टीच्या टक्क्यांत सांगतात. चूक दोन टक्के असेल, तर शून्य ते १५० च्या तबकडीवर ती तीन पीएसआय होते. म्हणजे काटा तेहतीस दाखवत असताना टायरमध्ये तीसही असू शकतात आणि छत्तीसही. हीच दोन टक्के चूक शून्य ते ६० च्या तबकडीवर जेमतेम सव्वा पीएसआय होते. शिवाय अशा गेजचा काटा पट्टीच्या मधल्या भागात सगळ्यांत विश्वासू असतो आणि दोन्ही टोकांना डळमळतो. साठच्या तबकडीवर तेहतीस बरोबर मध्यावर येतात, दीडशेच्या तबकडीवर ते सुरुवातीच्या अडचणीत चेपून बसतात. फुटबॉलच्या नियमांप्रमाणे चेंडूत समुद्रसपाटीला ८.५ ते १५.६ पीएसआय हवेत. ते मोठ्या तबकडीवर वाचणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसेच.

गेजनंतर पाळी मोटरची. कमाल दाबापेक्षा इथे मिनिटाला किती लिटर हवा हा आकडा कामाचा. आपल्याकडच्या मध्यम मोटारींना चालणारा १८५/६५ आर १५ हा टायर घेतला, तर त्याच्या पोटात साधारण २८ लिटर जागा निघते. तो पूर्ण बसला असेल तर तेहतीस पीएसआयपर्यंत यायला बाहेरची सुमारे ६४ लिटर हवा आत कोंबावी लागते. नुसते पाच पीएसआय वाढवायचे असतील तर दहा लिटरच्या आत काम भागतं. मिनिटाला ३५ लिटरचा दावा करणारं यंत्र दुसरं काम मिनिटभरात उरकतं. पहिल्या कामाला मात्र दावा सांगतो त्याहून जास्त वेळ लागतो, कारण ३५ हा आकडा बहुधा समोर काहीच अडथळा नसतानाचा असतो. टायरमधला दाब वाढत जातो तसा पंप मंदावतो.

आणि तापतो. हवा दाबली की गरम होते. तीस अंशांची हवा उष्णता बाहेर जाऊ न देता टायरमधल्या दाबापर्यंत दाबली, तर कागदोपत्री तिचं तापमान दीडशे अंशांवर पोचतं. प्रत्यक्षात तेवढं होत नाही, पण चार-पाच मिनिटं चाललेल्या छोट्या यंत्राच्या नळीचं पितळी तोंड उघड्या बोटांनी धरलं तर चटका बसतो. म्हणूनच माहितीपत्रकात एक ओळ असते जी फारसं कुणी वाचत नाही: सलग दहा मिनिटं चालवा, मग तेवढाच किंवा जास्त वेळ विश्रांती द्या. ही सलग चालण्याची मुदत जितकी मोठी, तितकं यंत्र खरोखर दणकट. दोन सिलिंडरचं असेल तर काम लवकर आटोपतं आणि दमछाकही कमी.

पुढचा प्रश्न विजेचा, आणि इथे घराची रचना आड येते. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत गाडी तळघरात किंवा खांबांमधल्या पार्किंगमध्ये उभी असते. जवळ प्लग नसतो, असलाच तर त्याचं मीटर सोसायटीचं. अशा ठिकाणी गाडीतल्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारं यंत्र सोयीचं. त्या सॉकेटवर बहुतेक गाड्यांत १२० वॉट, म्हणजे १० अँपिअरची मर्यादा लिहिलेली असते. यंत्र त्याहून जास्त ओढणारं असेल तर फ्यूज उडतो. तशा भारी यंत्रांना म्हणूनच चिमटे देतात. ते थेट बॅटरीला लावायचे. सॉकेट पुढे आणि बसलेलं चाक मागे, तेव्हा वायर आणि नळी मिळून मागच्या लांबच्या चाकापर्यंत पोचतात का, ते आधी मोजून घ्यावं. यंत्र चालताना इंजिन सुरू ठेवा असं बऱ्याच पत्रकांत लिहिलेलं असतं. ते उघड्यावर ठीक. शटर ओढलेल्या गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवलं तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना वास, ना रंग, आणि तो जीव घेतो.

स्वतःची लिथियम बॅटरी असलेली, हातात मावणारी यंत्रंही आता सर्रास मिळतात. ती स्कूटरला, सायकलला आणि मोटारीच्या पाच-सात पीएसआयच्या भरणीला उत्तम. आकडा लावला की आपोआप थांबतात. पण मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ती ठेवू नयेत. उष्णतेनं बॅटरीचं आयुष्य घटतं. आणि सहा महिने डिकीत पडून राहिलेल्या यंत्रात ऐन वेळी चार्ज असेलच असं नाही.

सांगली किंवा नाशिकला बंगला असेल, पोर्चमध्ये १५ अँपिअरचा प्लग असेल आणि घरात दोन मोटारी, तीन दुचाकी असतील, तर टाकीवाला छोटा कंप्रेसर परवडतो. चोवीस-पंचवीस लिटरची टाकी आणि आठ बार म्हणजे ११६ पीएसआयचा दाब, एवढं घराला रगड. त्याच्या नळीला बंदुकीसारखी मूठ आणि तिच्यावर गेज असलेलं इन्फ्लेटर लावायचं. खटका दाबला की हवा भरते, सोडला की काटा टायरचा दाब दाखवतो आणि वेगळ्या बटणानं जास्तीची हवा सोडता येते. ही हवा सोडायची सोय महत्त्वाची. पुष्कळ स्वस्त यंत्रांत फक्त भरायची सोय असते. टाकीच्या तळाला पाणी साचतं, कोकणात तर विशेष, कारण दमट हवा दाबली की तिच्यातली वाफ थंड टाकीत पाणी होऊन उतरते. खालचा नळ काम झाल्यावर उघडून ते काढलं नाही, तर टाकी आतून गंजते.

शेतकऱ्याच्या घरी हिशेब निराळा. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला दाब मोटारीपेक्षा कमी लागतो, पण पोट कितीतरी मोठं. हातातल्या यंत्राला तो भरायला लावणं म्हणजे त्याची मोटर जाळणं. शिवाय पकडीसाठी त्या टायरमध्ये बऱ्याचदा पाणी भरलेलं असतं. दाब बघताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणावा आणि डिजिटल गेज लांब ठेवावं. आत पाणी शिरलं की ते कामातून गेलं.

नळीचं तोंड ही किरकोळ वाटणारी, पण सगळ्यांत जास्त वैताग देणारी गोष्ट. मोटारीच्या आणि दुचाकीच्या चाकांना जो व्हॉल्व्ह असतो, त्याचं पेटंट न्यूयॉर्कच्या ऑगस्ट श्रेडर यांच्या नावावर १८९३ पासून आहे. त्याच्या मधोमध स्प्रिंगची पिन असते. आटे फिरवून बसवायचं तोंड घट्ट बसतं, पण काढताना दोन-तीन फेरे पिन दबलेली राहते आणि फुस्स आवाजासरशी थोडी हवा निघून जाते. खटक्याचं तोंड झटकन निघतं, मात्र त्याचं रबर झिजलं की गळायला लागतं. स्कूटरच्या छोट्या चाकात डिस्क आणि आऱ्यांच्या मधून सरळ तोंड घुसत नाही. तिथे वाकडं तोंड किंवा लवचीक नळी हवी. घरी स्कूटर असेल तर हे दुकानातच लावून बघावं.

साध्या काळ्या सायकलीचा व्हॉल्व्ह वेगळाच. त्याला वुड्स व्हॉल्व्ह म्हणतात. हवा आत जाऊ देतो, पण बाहेरून पिन दाबून उघडता येत नाही, म्हणून साधं गेज लावून त्यातला दाब कळत नाही. यंत्राबरोबर मिळणारा जोड लावून हवा भरता येते. आकडा मात्र पंप चालू असतानाचाच. गिअरच्या महागड्या सायकलींना तिसरा, बारीक आणि उंच प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. अरुंद टायरच्या रेसिंग सायकलीला ऐंशी ते ११० पीएसआय लागतात. घरात खोक्यावरच्या मोठ्या आकड्याचा खरा मानकरी असलाच तर तोच.

पंप चालू असतानाच्या आकड्यावर एरवीही विसंबू नये. यंत्रातलं गेज पंपाच्या बाजूला बसवलेलं असतं आणि हवा वाहत असताना नळीच्या त्या टोकाला दाब टायरमधल्यापेक्षा जास्त असतो. थांबवलं की आकडा खाली येतो. आपोआप थांबणाऱ्या यंत्रानं तेहतीस म्हटलं, तरी क्षणभर थांबून पुन्हा बघावं. जमल्यास वेगळ्या, चांगल्या गेजनं. भारी यंत्रापेक्षा मध्यम यंत्र आणि शून्य ते ६० चं एक सुटं गेज ही जोडी म्हणूनच जास्त शहाणपणाची.

मोजायची वेळही ठरलेली हवी. गाडी तीनेक तास उभी असेल किंवा दीड-दोन किलोमीटरच चालली असेल, तर टायर गार समजतात, आणि पट्टीवरचा आकडा गार टायरचाच असतो. महामार्गावरून आल्यावर दाब चार ते सहा पीएसआयनं वाढलेला दिसतो. तो बघून हवा सोडली, तर सकाळी टायर मऊ मिळतो. पेट्रोल पंपावर हवा फुकट देणं पंपचालकाला बंधनकारक आहे, पण पंपापर्यंत पोचेतोवर टायर तापतो. घरी यंत्र ठेवण्याचा मोठा फायदा हाच, की सकाळी गाडी बाहेर काढायच्या आधी मोजता येतं.

ऋतूचा परिणाम नागपूरकरांना चांगला जाणवावा. डिसेंबरच्या पहाटे बारा अंशांना ३३ पीएसआय भरलेला टायर मे महिन्यात सावलीतल्या ४२ अंशांना हवेचा एक थेंबही न भरता ३८ दाखवेल. उलट मे महिन्यात भरून विसरलेला टायर थंडीत चार-पाचनं खाली येतो, आणि आपसूक झिरपणारी हवा वेगळी. मुंबईहून महाबळेश्वरला जाताना गंमत होते. तेराशे मीटरहून अधिक वर बाहेरच्या हवेचा दाब सुमारे दोन पीएसआयनं घटतो. गेज आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरकच दाखवतं, म्हणून त्याच्यावर तितकेच वाढतात. पण वरची हवा आठ-नऊ अंशांनी थंड असते, तिच्यामुळे दीडेक पीएसआय कमी होतात. टायर गार झाल्यावर मोजलं तर शेवटी फरक जेमतेम अर्धा-एक. घाट चढून आल्याआल्या मापं घेऊन हवा काढायची काहीच गरज नसते.

टायरमध्ये नायट्रोजन भरला असेल तर घरच्या यंत्राची साधी हवा चालेल का, ही शंका वारंवार निघते. बेलाशक चालेल, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या मासिकानं ३१ प्रकारचे टायर ३० पीएसआयला भरून वर्षभर ठेवले, तेव्हा साध्या हवेचे सरासरी साडेतीन पीएसआयनं उतरले आणि नायट्रोजनचे २.२ नं. वर्षाकाठी सव्वा पीएसआयचा फरक. महिन्यातून एकदा गेज लावणाऱ्याला तो जाणवणारही नाही.

नवीन यंत्र घरी आलं की त्याचं गेज एकदा ताडून घ्यावं. गार टायरला आधी नवं गेज, मग शेजाऱ्याचं, मग टायरच्या चांगल्या दुकानातलं लावायचं. तिघांपैकी दोन जुळली आणि आपलं कायम दोननं जास्त दाखवत असेल, तर तेवढं वजा करून वापरलं तरी चालतं. दर वेळी वेगळाच फरक पडत असेल, तर ते गेज परत करावं.

एक चाक या सगळ्यातून नेहमी सुटतं, ते म्हणजे स्टेपनी. हवेवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेचा सेन्सर बहुतेक गाड्यांत तिला नसतो, आणि ती डिकीतल्या सामानाखाली किंवा गाडीच्या पोटाखाली असते. काही नव्या गाड्यांत तर ती नसतेच. केंद्र सरकारनं २०२० मध्ये नियम बदलला. साडेतीन टनांपर्यंतच्या ज्या प्रवासी गाड्यांना ट्यूबलेस टायर आणि हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा आहे, त्यांना पंक्चर दुरुस्तीचा संच असेल तर स्टेपनीविना विकायची मुभा मिळाली. त्या संचात टायरच्या आत सोडायचा चिकट द्राव असतो आणि बहुधा १२ व्होल्टचं छोटं हवेचं यंत्रही. तेव्हा नवं यंत्र घेण्याआधी डिकीचा तळ एकदा उचलून बघावा. आत यंत्र सापडलंच, तर फक्त एक चांगलं गेज घेऊन भागेल. द्रावाच्या बाटलीवर मुदत छापलेली असते, तीही त्याच वेळी बघून घ्यावी.